झाकणाची आतली बाजू

भुताच्या गोष्टी सांगणारे लोक आधी शपथ घेतात. मी शपथ घेणार नाही. तारीख, वेळ, जागा आणि मी स्वतः काय पाहिलं, एवढंच सांगेन. जे पाहिलं नाही, ते पाहिलं नाही असंच लिहीन.

मी गेली एकोणीस वर्षं पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचं काम करते. पाण्यात काय आहे आणि किती आहे, ते लिहायचं. का आहे, हे लिहायला मला कुणी पगार देत नाही.

तर, सतरा तारीख. गुरुवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती. अंधार मात्र होता, कारण मी रंगमंचाखाली बसले होते. आणि माझ्या डाव्या कानापाशी…

नाही. आधी थोडं मागे जाते.

माझी ताई एका छोट्या ऑपेरा कंपनीत गाते. ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन सांगायचं नाटक. 'दार लाव' हेही गाऊन आणि 'मी मेले' हेही गाऊन. कंपनी छोटी म्हणजे खरंच छोटी. अकरा गायक, एक पियानो, तीन ठिकाणी गळणारं एक थिएटर, आणि एक दिग्दर्शक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात.

त्या हंगामात दोन नवी नाटकं बसवायची होती. पहिलं, दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोचं. नवरा होडी घेऊन बाहेर गेलेला असतो. बायको मुद्दाम दिवा विझवते. होडी खडकावर फुटते. शेवटच्या प्रवेशात ती सगळ्यांसमोर कबूल करते, "दिवा मी विझवला." ती ओळ सगळ्यात उंच सुरावर आहे. तिथेच पडदा पडतो.

ही बायको म्हणजे माझी ताई.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालेली पहिली मोठी भूमिका. त्याआधीची बावीस वर्षं ती दासी, शेजारीण आणि गर्दी होती.

अडचण एकच होती. ताईच्या लक्षात शब्द राहत नव्हते. सूर पक्के, ताल पक्का, पण शब्द निसटायचे. डॉक्टर म्हणाले, वय आहे, झोप कमी आहे. सर म्हणाले, "शब्द पडले तर भूमिका धाकटीकडे जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल." धाकटी म्हणजे कंपनीतली सत्तावीस वर्षांची गायिका. तिला सगळी भूमिका पाठ होती, आणि हे ती लपवत नव्हती.

आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. त्या संध्याकाळी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मास्तर गेले."

"कुठे गेले?"

"वारले गं. प्रॉम्प्टर मास्तर."

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस. हृदय. एकाहत्तर वय होतं." तिने तोच टॉवेल दुसऱ्यांदा घडी केला. "मला शब्द द्यायला कुणी नाही आता. तू येशील?"

"मी?"

"तुला नोटेशन वाचता येतं. तुझा आवाज खालचा आहे. आणि कुणाला दिसायचं नाही म्हटल्यावर तुला तर सोन्याहून पिवळं."

हे खरं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी दोन ते सहा तालीम.

*

प्रॉम्प्टरची जागा अशी असते. रंगमंचाच्या पुढच्या काठावर, मधोमध, एक चौकोनी खड्डा. वरून लाकडी टोप, सूप उभं धरावं तसा. प्रेक्षकांना फक्त टोपाची पाठ दिसते. तोंड गायकांकडे. आत बसलं की आपलं डोकं रंगमंचाच्या फळीच्या पातळीला येतं. गायकांचे पाय, घोटे, झग्यांच्या मळलेल्या कडा, एवढंच आपलं जग. आत जायचं ते खालून. रंगमंचाखालच्या पोकळीत वाकून चालायचं, एक छोटं दार ओढायचं, पाच पायऱ्या चढायच्या आणि बाकावर बसायचं. हात पूर्ण पसरता येत नाहीत.

काम सोपं वाटतं. प्रत्येक ओळीचे पहिले दोन शब्द एक ठोका आधी कुजबुजायचे. गायकाला ऐकू जायला हवेत, पहिल्या रांगेला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी लाकडावर ठेका द्यायचा.

"मी विचार करत नाही," ताईने मला शिकवताना सांगितलं. "तू जे देशील ते मी म्हणेन. शब्द कानातून थेट तोंडात जातो. मधे डोकं लागतच नाही."

"आणि मी चुकीचं दिलं तर?"

"तर चुकीचं म्हणेन. म्हणून चुकू नकोस."

पहिल्याच दिवशी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

वास होता. वरचा थर फिनेलचा. खाली स्पिरिट. थिएटरात स्पिरिट सगळीकडेच असतं. भरजरी पोशाख धुता येत नाहीत, म्हणून काखेत आणि कॉलरला स्पिरिट फवारून तेच वर्षानुवर्षं वापरतात. पण त्याही खाली आणखी एक वास होता. आंबट. कोमट. कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपल्यासारखा.

समोर स्टँडवर मास्तरांची वही होती. सगळ्या नाटकाची स्वरलिपी, पेन्सिलीच्या खुणांसह. अक्षर सुंदर. आणि प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा तपकिरी, चिवट, फुगलेला.

"थुंकी लावून पानं उलटायचे," पियानोवाले काका वरून म्हणाले. काका कंपनीतले सगळ्यात जुने. "तीन दात शिल्लक होते, तिन्ही किडलेले. हिरड्या सडलेल्या. पाठीमागे सगळे 'लाळ्या मास्तर' म्हणायचे."

"पाठीमागे कशाला, तोंडावरच म्हणायची की मी," धाकटी म्हणाली. "त्यांना कुठे राग यायचा. शब्द देताना गुडघ्यापर्यंत तुषार यायचे. मी मोजे बदलायचे रोज."

एकदोघे हसले. ताई हसली नाही. ती टोपाकडे बघतही नव्हती. कुणीच बघत नव्हतं. शब्द देणाऱ्याकडे अकरा माणसं रोज चार तास तोंड करून गातात, आणि एकाचीही नजर तिथे नव्हती.

टोपाच्या चौकटीवर बाहेरून एक लाकडी खिट्टी होती, फिरवायची. झाकण अडकवायला असते तशी.

झाकण मात्र नव्हतं.

"याचं झाकण कुठे आहे?" मी विचारलं.

काकांनी पियानोवर एक स्वर दाबला. विनाकारण. सर म्हणाले, "पान बावीस. सुरू करा."

*

त्या वहीला हात लावणं मला शक्य नव्हतं. मी घरी नेऊन, हातमोजे घालून, तिची नवी प्रत काढली. कोरे कागद, नवी फाईल. जुनी वही पिशवीत बांधून कपाटावर टाकली. प्रत खड्ड्यात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पान उलटलं, आणि बोटाला काहीतरी लागलं…

ओलं.

कोपरा ओला होता. अंगठ्याएवढी गोल जागा. पाणी असतं तर कागद सुरकुतला असता आणि वाळला असता. हे बोट उचललं की बारीक तार येत होती.

छप्पर गळतं, हे मला माहीत होतं. मी वर पाहिलं. टोप कोरडा होता. पुढची पानं पाहिली. बावीस, तेवीस, चोवीस. सगळी. ज्या पानांपर्यंत तालीम पोहोचलीच नव्हती, तीही.

शेवटचं पान सगळ्यात जास्त ओलं होतं.

मी ओरडले नाही. माझ्या पिशवीत निर्जंतुक बोळे असतात, सवयीने. एक बोळा कोपऱ्यावरून फिरवला. एक पानाच्या मध्यावरून, तुलनेसाठी. एक माझ्या स्वतःच्या तोंडातून, कारण शंका आधी स्वतःवर घ्यायची असते. सकाळी प्रयोगशाळेत तीन प्लेटा लावल्या. प्लेट म्हणजे जिवाणूंचं अन्न घातलेली काचेची चपटी डबी, वर झाकण. दोन दिवस ऊबेत ठेवायची.

शनिवारी उघडल्या. मध्यावरच्या बोळ्याचं काही उगवलं नव्हतं. माझ्या तोंडाचं जे उगवतं ते उगवलं होतं. कोपऱ्याची प्लेट उघडताच आमच्या मोठ्या बाई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या, "शी. काय आणलंस?"

मी प्लेट पुढे सरकवली. त्या जवळ आल्या, पाहिलं, झाकण लावलं.

"हे पाणी नाही."

"नाही."

"कुणाचं तरी तोंड आहे. तुझं नाही, तुझं हे शेजारी आहे. कुणाचं का असेना, त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठव. हिरड्या सडल्यात त्याच्या." मग हात धुता धुता म्हणाल्या, "आणि लवकर पाठव. ताजं आहे."

*

पुढचे आठ दिवस मी नोंदी ठेवल्या. रोज नवी प्रत. रोज संध्याकाळी सरांच्या खोलीतल्या कुलपाच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे.

कोपरे तरीही ओले व्हायचे. कपाटात नाही. मी खड्ड्यात बसले की. एकदा मी सबंध अंक पानावरून नजर हलवली नाही. पान कोरडं होतं. ताईचा सूर चढला म्हणून एकदाच वर पाहिलं. परत खाली बघते तर…

पान उलटलेलं होतं. बरोबर जागी.

मी उलटलं नव्हतं.

आणि ताई सुधारत होती. हे सांगायलाच हवं, कारण माझा पाय तिथे अडकला होता तो यामुळेच. पहिल्या आठवड्यात ती चौदा ठिकाणी अडखळली होती. दुसऱ्यात तीन. मग एकही नाही. धाकटीचं तोंड बारीक होत चाललं होतं. सर म्हणाले, "बहिणीने जादू केली."

ताई घरी येताना रस्त्यात गुणगुणायची. तिला इतकं सुखी मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सतरा तारखेला, गुरुवारी, माझा घसा बसला. आवाजच फुटेना. सांगितलं असतं तर तालीम थांबली असती, म्हणून गप्प बसले. म्हटलं, अडखळेल तिथे लाकडावर टकटक करीन. ताई उभी राहिली. तीन वाजून दहा मिनिटांनी तिचं मोठं गाणं सुरू झालं.

मी तोंड उघडलं नव्हतं.

आणि माझ्या डाव्या कानापाशी… कुणीतरी श्वास घेतला.

ओला श्वास. नाकाने घेतलेला नाही, तोंडाने. मग दोन शब्द. एक ठोका आधी. बरोबर तितक्या आवाजात, की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये.

ताईने ते शब्द घेतले आणि गायली.

पुढची ओळ. श्वास. दोन शब्द. आणि शेजारच्या फळीवर बोटांचा ठेका… टक, टक, टक.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते बघत होते. त्या खड्ड्यात दुसऱ्या माणसाला जागा नाही. मी पट्टीने मोजलेलं आहे.

सात मिनिटं मी तशीच बसून राहिले. मान वळवली नाही. का नाही वळवली, ते लिहिते. भीतीने नाही. तो वास आता गालावर होता. मान वळवली तर माझं तोंड त्या तोंडासमोर आलं असतं.

घरी जाताना ताई म्हणाली, "आज काय सुंदर दिलेस गं शब्द. अगदी मास्तरांसारखे."

मी मान हलवली. घसा बसला होता.

*

झाकण मला दुसऱ्या दिवशी सापडलं.

शोधत नव्हते. रंगमंचाखाली प्लास्टरचे खडक रचून ठेवलेले असतात, दीपगृहाच्या प्रवेशासाठी. हातगाडीएवढे मोठे. त्यांच्यामागे, भिंतीकडे तोंड करून, एक चौकोनी फळी उभी होती. ओढून फिरवली.

खालच्या कडेला बोटभर फट होती, हवेसाठी ठेवतात तशी. आणि फटीच्या बरोबर वर, आतल्या बाजूला, लाकूड काळपट झालं होतं. अंडाकृती. मधे ओठ टेकल्यासारखी रेघ.

तोंडाची खूण होती.

कुणीतरी फटीला तोंड लावलं होतं. एकदा नाही. लाकूड फुगेपर्यंत.

मी बॅटरी जवळ नेली. खूण चमकली…

ओली होती.

मी तिथेच, खडकावर हात ठेवून, उलटी केली. मग पुसून काढली. मला घाण मागे ठेवता येत नाही.

काकांना गाठलं ते पुढच्या गुरुवारी, रंगीत तालमीच्या आधी, त्यांच्या चहाच्या वेळेला. झाकणाबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताईने सांगितलं नाही तुला?"

"तुम्ही सांगा."

काकांनी कप बाजूला सारला.

"चार दिवसांची सुट्टी होती. आदल्या दुपारची तालीम. उकाडा. मास्तरांच्या तोंडाचा वास त्या दिवशी सहन होत नव्हता कुणाला. मधल्या वेळात कुणीतरी झाकण लावलं. खिट्टी फिरवली. गंमत म्हणून, किंवा वास म्हणून. मास्तर आत डुलकी घेत होते. तालीम सुरू झाली. फटीतून शब्द येत होते, चाललं होतं. मग टकटक सुरू झाली. आम्हाला वाटलं, ठेका देताहेत."

"आणि मग?"

"मग तुझी ताई गाता गाता मधेच गायली, 'झाकण काढा, खालचं दार उघडत नाही.' सुरात. तालात. अख्खी कंपनी हसून लोळली. सर म्हणाले, 'मूळ ओळीपेक्षा बरी आहे.' आम्हाला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय आणि हिने सवयीने उचलला. तिला स्वतःलाही कळलं नाही, काय गायली ते. गाणं पुढे गेलं."

"खालचं दार का उघडत नव्हतं?"

"सुतारांनी त्याच दुपारी खडक आणून टाकले. दारापुढे." काकांनी चष्मा काढला. "प्रत्येकाला वाटलं, दुसरा काढेल. पाचव्या दिवशी वासाने कळलं. आम्ही आधी खडक हलवले. मग झाकण काढून लपवलं. मग डॉक्टरला बोलावलं. 'बसल्या बसल्या गेले,' असं सांगितलं सरांनी. डॉक्टरने रुमाल नाकाला लावला होता. तो जास्त थांबला नाही."

मला त्यांच्या हातांकडे बघवेना. चहाच्या कपाकडेही.

"झाकण कुणी लावलं?"

"मी पाहिलं नाही," काका म्हणाले. फार पटकन म्हणाले.

*

त्या संध्याकाळी मी ताईला विचारलं. ती पलंगावर बसून पाय चोळत होती.

"कुणीतरी लावलं," ती म्हणाली. "मला माहीत नाही."

"तू शेवटी कधी निघालीस त्या दिवशी?"

"शाल राहिली होती. परत गेले. सगळे गेले होते."

"मग?"

"मग काय?"

"ताई, मग काही ऐकू आलं?"

तिने पाय चोळणं थांबवलं नाही. "शब्द येत होते. पुढच्या ओळीचे. मला वाटलं, रुसून बसलेत, नाटक करताहेत. मला त्या भोकाजवळ जाववेना गं. मला मळमळत होतं." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "परवा पहिला प्रयोग आहे. बावीस वर्षं थांबलेय मी. तू मला टाकून जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला एक ओळ येणार नाही."

मी जायला हवं होतं. पण ती माझी बहीण आहे. आई गेल्यावर तिने मला शिकवलं, माझी फी भरायला लग्नांत गायली. मी ठरवलं, शेवटचं एकदा बसायचं. शब्द मी द्यायचे, मोठ्याने द्यायचे, दुसऱ्या कुणाला ठोकाभरही जागा ठेवायची नाही.

*

पहिला प्रयोग. शनिवार, संध्याकाळी सात. थिएटर भरलं होतं.

मी खालचं दार दोरीने उघडं बांधून ठेवलं. मग बाकावर बसले. नवी प्रत. घसा चांगला होता.

पहिला अंक मी दिला. दुसरा मी दिला. कोपरे कोरडे राहिले. वास होता, पण फिनेलचा. मला वाटलं, संपलं.

शेवटचा प्रवेश. ताई पुढे आली, अगदी टोपासमोर. घामाने रंग ओघळला होता. नकली केसांच्या कडेला डिंक पांढरा पडला होता. वरून ती राणीसारखी दिसत असणार. खालून मला तिच्या नाकपुड्या आणि थरथरणारी जीभ दिसत होती.

पियानो थांबला. इथे चार ठोक्यांची शांतता आहे. मग ती ओळ.

मी श्वास घेतला. तिसऱ्या ठोक्याला शब्द द्यायचे होते, 'दिवा मी.' ओठ हलवले. मी ते म्हणाले. मी म्हणाले, याची मला खात्री आहे.

पण त्याच क्षणी डाव्या कानात… कानापाशी नाही, कानात… कुणीतरी ओठ टेकवले.

ताईची मान किंचित खाली झुकली. डावीकडे. आणि तिने तोंड उघडलं.

"खिट्टी मी फिरवली."

सगळ्यात उंच सूर. काचेसारखा स्वच्छ. इतकी सुंदर ती आयुष्यात गायली नव्हती.

पडदा पडला. क्षणभर काहीच नाही. मग लोक उभे राहिले. टाळ्या, पाय आपटणं, लाकूड हादरत होतं. त्यांना वाटलं, दीपगृहाच्या दाराची खिट्टी असेल. नवऱ्याला बाहेरच ठेवलं असेल. त्यांना ते आवडलं.

पियानोवाले काका स्वरपट्ट्यांवर डोकं ठेवून बसले होते.

मी आत गेले तेव्हा ताई आरशासमोर क्रीम लावून तोंड पुसत होती. टॉवेल तांबडा-तपकिरी झाला होता. चेहरा आनंदाने फुलला होता.

"ऐकल्यास टाळ्या?"

"तू काय गायलीस शेवटी?"

"काय म्हणजे? 'दिवा मी विझवला.' तू दिलास तेच." तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं काय बघतेस?"

मी सांगितलं, ती काय गायली. शब्द न शब्द.

तिचा हात गालावर थांबला. बाहेर कुणीतरी फुलं घेऊन आलं होतं, दार वाजवत होतं. टक, टक, टक. ती त्या आवाजावर दचकली.

"ताई. तू फिरवलीस?"

मग टॉवेलची स्वच्छ बाजू शोधत, अगदी हळू म्हणाली,

"वास येत होता गं."

दार उघडलं. सर आत आले, हात पसरून. "ओळ बदललीस, मला विचारलं नाहीस, पण ठेवू या. लोकांना लागली. संहितेत घालतो." त्यांनी ताईच्या गालावर थोपटलं. खिट्टी कोणती, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांचे डोळे पाहिले आहेत.

*

त्याला आता सात महिने झाले. ती ओळ खरंच संहितेत आहे. चौदा प्रयोग झाले. ताई दर वेळी ती गाते, लोक दर वेळी उभे राहतात, आणि घरी येऊन ती म्हणते, मी 'दिवा' म्हटलं. तिच्या नावाची पाटी आता मोठी झाली आहे. दुसऱ्या नाटकाच्या तालमी सुरू आहेत, त्यातही मोठी भूमिका तिचीच. प्रॉम्प्टर ठेवलेला नाही. सर म्हणतात, गरज नाही.

मी तिथे परत गेले नाही. मी लेखी तक्रार केली, त्यात झाकणाचंही लिहिलं. झाकण तिथे सापडलं नाही. काकांनी काही पाहिलं नव्हतं.

ताई आणि मी अजून एकाच घरात राहतो. बोलणं थोडंच होतं. जेवताना ती कधी एखाद्या शब्दाला अडते. पूर्वी अडायची, तशीच. मग तिची मान किंचित झुकते, डावीकडे. आणि शब्द येतो.

तेव्हा मी ताट घेऊन उठते. माझ्याच्याने जेवण पुढे जात नाही.

एकच नोंद राहिली.

त्या शनिवारी खड्ड्यातून बाहेर आले, तेव्हा माझा डावा कान ओला होता. घाम नव्हता. मी बोळा फिरवला, सोमवारी प्लेट लावली, दोन दिवस ऊबेत ठेवली. मग फ्रीजच्या मागच्या कप्प्यात सरकवली, झाकणाला चिकटपट्टी लावून. उघडलेली नाही. मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं, "ती फेकू का?" मी नको म्हणाले.

काल साफसफाई होती म्हणून बाहेर काढली.

प्लेटच्या झाकणाला आतून बाष्प धरतं. हे नेहमीचंच, त्यात विशेष काही नाही. पण ते सगळीकडे सारखं धरतं.

हे एकाच जागी आहे. कडेला, जिथे झाकण आणि डबीत केसाएवढी फट असते, तिथे. अंडाकृती. मधे एक रेघ.

मी ती परत आत ठेवली. चिकटपट्टीचा आणखी एक वेढा दिला.

आणि हात धुताना माझ्या लक्षात आलं, की झाकण मीही लावलंच आहे.